बिनजहाजाची कमांडर

माझी नणंद डेल्फीन टू एल्क सरकारी आरोग्य सेवेत कमांडर होती. हो, कमांडर! पेशानं नर्स, पण थाट नौदलाचा. तसलेच हुद्दे, तसलाच गणवेश, तसलीच टोपी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. आणि आम्ही अमेरिकेतले मूळचे आदिवासी, राहतो साउथ डकोटात, टोळीच्या रिझर्वेशनवर, म्हणजे राखीव जमिनीवर, माळरानात. इथं पाणी म्हणजे गुरांची तळी आणि बर्फ वितळलं की चार दिवस मिजास दाखवणारा आमचा प्लम क्रीक. त्यामुळे ती गणवेशात दारात उभी राहिली की मी विचारायचेच, "कमांडरीणबाई, जहाज कुठं लावलंत?"

"तुझ्या परसात, वहिनी. त्या मोडक्या गाड्यांच्या मागं. सापडायचं नाही कुणाला."

आमच्या लोकांत नणंद-भावजयीनं एकमेकींची टर उडवायचीच असते. नाही उडवली तर शेजारीपाजारी विचारतात, काय गं, भांडलात का? तेव्हा मी डेल्फीनबद्दल वाकडं बोलताना दिसले तर ते प्रेम समजा. आणि सरळ बोलताना दिसले तर समजा की प्रकरण गंभीर आहे.

प्लम क्रीकचा दवाखाना म्हणजे व्यायामशाळेशेजारी चाकं काढून बसवलेलं एक लांबट पत्र्याचं घर. दोन खोल्या, लसींचा फ्रिज, तपासायचं टेबल, खुर्च्या आणि एक कॉफीचं भांडं, जे कधी रिकामं पाहिलं नाही मी. मोठं हॉस्पिटल खडीच्या रस्त्यानं तासाभरावर, तेही उन्हाळ्यात. हिवाळ्यात तो रस्ता कधी असतो, कधी नसतो. बाळांची वजनं, म्हाताऱ्यांचे खोकले, पोटुशींची तपासणी, सगळं डेल्फीनच बघायची. आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे, आले तर.

आणि गुरुवार पायांचा. आमच्याकडे साखरेचा आजार घरटी आहे, आणि साखर आधी पायांना खाते. गुरुवारी सगळे मोजे काढून भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसायचे, डेल्फीन एकेकापुढे घमेलं घेऊन गुडघ्यावर बसायची, कोमट पाण्यानं पाय धुवायची, टाचा बघायची, नखं कापायची आणि मग बोटांच्या फटी टिपायची. तिचा एकच कायदा होता: फटी कोरड्या झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. टोळीचे अध्यक्ष असोत नाहीतर माझा नवरा वेंडल असो. एकदा वेंडल बास्केटबॉलचा सामना चुकेल म्हणून ओल्या पायानं उठला, तर ह्या बयेनं त्याचे बूट उचलून फ्रिजवर ठेवले. थोरला भाऊ तिचा! मुकाट्यानं बसला.

मी मात्र आधी जात नव्हते त्या गुरुवारांना. नणंदेपुढे पाय पसरायचे म्हणजे काय! पायाच्या करंगळीचं नख काळं पडलं होतं, ते मी जाड मोज्यांत दडवून फिरत होते. एके दिवशी ती जेवायला आली, हातातला फ्राय ब्रेड, आमची तळलेली जाड रोटी, खाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, मोजे काढ."

"आधी जेव तरी."

"वास येतोय. मोजे काढ."

"तुझ्या स्वयंपाकाचा येतो तसला?"

ती हसली नाही. तेव्हाच मी घाबरले. त्याच पावली स्वतःच्या गाडीत घालून तिनं मला हॉस्पिटलात नेलं. करंगळी गेली, पाय राहिला. आज मी हा पाय आपटून बोलतेय ना, तो तिच्यामुळे शाबूत आहे.

आता तिच्या आजीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. डेल्फीन अजून शाळेतही जात नव्हती तेव्हाची गोष्ट. आजीचं नाव एलिझा. छातीचा आजार, क्षय. ह्याच आरोग्य सेवेची एक गोरी नर्स जीपमधून यायची, ह्याच गणवेशात. बाई कामाला चोख होती म्हणतात. पण कुणाच्या घरी पाण्याचा घोट घ्यायची नाही. नियम! एलिझाआजीनं तिच्यासाठी मोकासिन शिवले, हरणाच्या मऊ चामड्याचे बूट, वरून सगळे मणी, निळ्यावर पिवळे. डोळे अधू झालेले असताना शिवले. त्या बाईनं हात मागं घेतले. "मला घेता येत नाही. नियम आहे."

आमच्यात दिलेलं परत करणं म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलं नसावं. तोंडावर म्हणणंच ते, की तू माझी कुणी नव्हेस. आजीनं बूट पेटीत ठेवले. पुढच्या वेळी जीप आली तेव्हा दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. गोळ्या बंद झाल्या. गवत पिवळं पडायच्या आत आजी गेली.

डेल्फीन नर्स झाली ती ह्याच्यापायी. आणि तोच गणवेश मुद्दाम घातला. म्हणायची, "त्या कपड्यात आमच्या लोकांना कुणीतरी जेवताना दिसलं पाहिजे." म्हणून ही जाईल त्या घरी जेवायची. वजडीचं सूप, सुकं मांस, रानबोरांसारख्या फळांची दाट गोड वोजापी, रेशनचं सरकारी चीज, जे पुढं येईल ते. खाकी शर्टावर वोजापीचे जांभळे डाग पडलेले असायचे. वरचे साहेब ओरडायचे, ही हो म्हणायची आणि पुढच्या घरी आणखी एक वाटी मागायची. म्हणून तर तिच्यासाठी दारं उघडत होती. गणवेशाची बटणं मात्र दर दोन वर्षांनी मला सरकवायला लागायची.

बरं, आता बक्षिसाचं.

आरोग्य सेवेच्या अधिकाऱ्यांत दरवर्षी बक्षिसं वाटतात. इंजिनिअरांना वेगळं, दातांच्या डॉक्टरांना वेगळं, नर्सेसना वेगळं. मेडल, लाकडी पाटी, टाळ्या. त्या वर्षी फिरत्या नर्सेसमधली सर्वोत्तम म्हणून डेल्फीनचं नाव निघालं. तिचे साहेब, कॅप्टन हेन्शॉ, बातमी द्यायला स्वतः आले. मी तिथंच खुर्चीत पाय वाळवत बसले होते, त्यामुळे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"अभिनंदन, कमांडर! आपल्या सगळ्यांसाठी अभिमानाची गोष्ट आहे."

मी जीभ हलवत जोरात लिलिली केलं, आमच्या बायका आनंदात करतात तसं. साहेब दचकले. मग घसा खाकरून म्हणाले, "आणखी एक आहे. जूनअखेर प्लम क्रीकचा दवाखाना हॉस्पिटलात विलीन होतोय."

"विलीन म्हणजे?" मी विचारलं.

"सेवा तिथून मिळेल."

"म्हणजे बंद."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. डेल्फीनला म्हणाले, "तुमची नेमणूक मुख्यालयात, वॉशिंग्टनजवळ. फिरत्या सेवेच्या सल्लागार म्हणून. आणि कॅप्टनपद. तुमचा चौथा पट्टा."

खांद्यावर कमांडरला तीन पट्टे असतात, कॅप्टनला चार; ते ऐकून डेल्फीनचा चेहरा उजळलेला मी पाहिला. कारण तो पट्टा तिला हवा होता. तिचे वडील, माझे सासरे, कोरियाच्या लढाईत साधे शिपाई. गेले शिपाई, आले शिपाई. मरेस्तोवर म्हणायचे, "आपल्या घरात कुणीतरी असं व्हावं की ज्याला गोऱ्यानं आधी सलाम ठोकला पाहिजे." कमांडर झाली तेव्हा ते ऑक्सिजनची नळी नाकात घेऊन हसले होते. "एक अजून," एवढंच म्हणाले. तो एक अजून आता ताटात वाढून आला होता.

साहेब गेल्यावर मी फट्कन बोलले, "कळलं ना? हार घालून बोळवण करतायत तुझी. गरज सरो, वैद्य मरो! तू इथं असताना दवाखाना बंद केला तर लोक बोंब मारतील. म्हणून आधी मेडल, मग बढती, मग कुलूप."

"पाय पुसले का?" ती म्हणाली.

"जळले मेले पाय! जाणार आहेस का ते सांग."

"फटी पूस, वहिनी. ओल्या आहेत."

आठवडाभर हेच चाललं. विषय काढला की बाई पाय पुसायला सांगायची. मला झोप लागेना. वेंडलला विचारलं तर तो म्हणाला, तिचं ती ठरवेल. पुरुषांना हे एक वाक्य बरं सापडलंय.

दरम्यान टोळीच्या कौन्सिलची बैठक झाली. अध्यक्ष रेमंड स्पॉटेड क्रेन तसे घड्याळाकडे बघून बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी नीट बोलले. म्हणाले, सरकार सोडत असेल तर दवाखाना टोळीला स्वतः चालवायला मागता येतो, तसा कायदा आहे. कागद वरून फिरून येईस्तोवर ओढाताण होईल, पण इमारत आपल्या जमिनीवर आहे. अडचण एकच. "नर्स कुठून आणणार? शहरातली नर्स इथं पहिला हिवाळा बघते आणि दुसऱ्या हिवाळ्यात दिसत नाही."

सगळ्यांनी डेल्फीनकडे बघितलं. ती गणवेशात होती. गणवेशवाल्याला हुकूम आला की जायचं, नाहीतर गणवेश उतरवायचा. तिसरी वाट नाही. तिनं समोरची कॉफी संपवली आणि उठून गेली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "गेली आपली कमांडर." मी त्या माणसाकडे असं काही बघितलं की त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. पण आतून मलाही तेच वाटत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

मग एका सकाळी ती माझ्या दारात हजर. "वहिनी, गोधड्या किती आहेत तुझ्याकडे?"

मी चांदणीच्या गोधड्या शिवते, मधोमध तुकड्यांची एक मोठी चांदणी. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे चांदणीची गोधडी पांघरायची. त्या हिवाळ्यात शिवलेल्या सगळ्या माझी नात शायला शाळा संपवणार, तेव्हा वाटायला ठेवल्या होत्या.

"कशाला?"

"बक्षीस घेणार आहे मी."

"घेणार? थू! लाज कशी वाटत नाही गं तुला?"

"घेणार. पण आपल्या पद्धतीनं."

आता आपली पद्धत म्हणजे काय, तर ज्याचा सन्मान होतो त्यानं वाटायचं. गोऱ्यांच्यात मान मिळाला की माणूस घेऊन घरी जातो. आमच्यात मान मिळालेल्यानं घर रिकामं करायचं. ज्यांनी मदत केली त्यांना द्यायचं, अनोळख्याला द्यायचं, ज्याच्याकडे काही नाही त्याला आधी द्यायचं. मान घेऊन जो काही देत नाही, त्याला आम्ही मागून हसतो. आणि दिलेलं कुणी नाकारत नाही.

"शायलाला काय सांगू?" मी म्हटलं.

"विचारलंय तिला. ती म्हणाली, आजी कुरकुर करेल, पण देईल."

"चांगली फितवलीस पोरीला." कपाट उघडलं मी. कुरकुरतच उघडलं. "जाणार आहेस का राहणार आहेस, हे तरी सांगशील?"

तिनं गोधड्या छातीशी धरल्या. "मला वडील आठवतात गं," एवढंच म्हणाली. मग गाडीत ठेवायला गेली. हे काय उत्तर झालं? ती गेल्यावर मी शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले. कुणाला सांगायचं नाही.

समारंभ रॅपिड सिटीतल्या एका हॉटेलात. झुंबरं, गालिचे, गोल टेबलं, आणि जिकडं तिकडं पांढरेशुभ्र गणवेश. आम्ही प्लम क्रीकवाले मागच्या दोन टेबलांवर. डेल्फीनचे मामा मेल्विन आले होते, आमचे पुकारे. समारंभात माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, पुकारा त्याच्या वतीनं बोलतो. आणि पोरं ढोल घेऊन आलेली. दारावरचा माणूस म्हणाला, कार्यक्रमात ढोल नाही. मेल्विनमामा म्हणाले, "आता आहे," आणि पुढं चालायला लागले.

प्रमुख पाहुण्या होत्या रिअर ॲडमिरल हॅरिएट लुंडक्विस्ट. केस पिकलेल्या, ताठ, चेहरा वाईट नव्हता. त्यांच्या मागं सावलीसारखा एक तरुण लेफ्टनंट, कानाशी लागून काय करायचं, काय नाही ते सांगणारा. डेल्फीनचं नाव पुकारलं. अतिदुर्गम भागात, अपुऱ्या साधनांनिशी, निष्ठेनं, वगैरे वगैरे वाचलं. साधनं अपुरी ठेवली कुणी ते वाचलं नाही. ॲडमिरलबाईंनी मेडल लावलं, टाळ्या पडल्या, कॅप्टन हेन्शॉ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मग ते माइकशी आले आणि म्हणाले, "आणि लवकरच कॅप्टन होऊन मुख्यालयात जाणाऱ्या..."

तेवढ्यात ढोल घुमला.

पोरांनी सन्मानाचं गाणं धरलं, तसे आम्ही सगळे उभे राहिलो. आम्हाला बघून बाकीचेही अंदाजानं उभे राहिले. गाणं संपलं आणि मेल्विनमामांनी माइक हातात घेतला. "माझी भाची तुमचे आभार मानते. तिचा मान केलात, आता ती वाटणार आहे. ज्याचं नाव घेईन त्यानं यायचं. लाजायचं नाही, आम्ही चावत नाही. हिची वहिनी सोडून."

सगळं सभागृह माझ्याकडे बघून हसलं. मामांना मी नंतर बघून घेतलं.

पहिली गोधडी भांडी धुणाऱ्या बाईला. तिला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं, हाताला साबण तसाच. डेल्फीननं ती तिच्या खांद्यावर टाकली आणि त्या बाईनं तोंड झाकून घेतलं. दुसरी आम्हाला घेऊन आलेल्या बसवाल्याला. एक दुसऱ्या रिझर्वेशनवरच्या नर्सला, जिला ह्या वर्षी बक्षीस मिळालं नव्हतं. मग मामांनी कॅप्टन हेन्शॉंचं नाव घेतलं. लेफ्टनंट पटकन त्यांच्या कानाशी लागला. हेन्शॉ हसून, हात हलवून, जागेवरच बसून राहिले.

आमच्या टेबलावर सगळ्यांनी हातातले काटे खाली ठेवले.

मामांनी डेल्फीनकडे बघितलं. तिनं मान हलवली, पुढं जा. मामा म्हणाले, "ॲडमिरल लुंडक्विस्ट."

डेल्फीनच्या हातात गोधडी नव्हती. आजीच्या पेटीतले मोकासिन होते. चामडं जुनं होऊन मधासारखं दिसत होतं, मणी मात्र सगळे जागच्या जागी. ती ॲडमिरलबाईंसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले. लेफ्टनंट मध्ये आला. हळू बोलला, पण माइक चालू होता. "मॅडम, कनिष्ठाकडून वरिष्ठाला भेट घेता येत नाही. नियम आहे."

ॲडमिरलबाईंचे हात अर्ध्यावर आले होते. ते मागं गेले. "कमांडर, फार सुंदर आहेत. पण मला घेता येणार नाहीत. समजून घ्या."

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी आजीला बघितलं. डेल्फीनच्या चेहऱ्यात बघितलं. मला वाटलं, आता ही बूट परत फडक्यात बांधणार, पेटीत ठेवणार, आणि वॉशिंग्टनला निघून जाणार. मी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला होता की वेंडलनं माझी बोटं सोडवली.

"म्हणजे मी तुमच्या हाताखाली आहे म्हणून?" डेल्फीननं विचारलं. समारंभात ती स्वतः बोलणार नव्हती, पण बोलली.

"हो. तेवढंच."

"तेवढंच ना?"

तिनं बूट मामांच्या हातात दिले. डावा हात उजव्या खांद्यावर नेला, बटण काढलं, सोनेरी पट्टी सोडवली. मग दुसरी. दोन्ही कॅप्टन हेन्शॉंच्या ताटाशेजारी, केकच्या बशीला लावून ठेवल्या. "कागद सोमवारी पाठवते," त्यांना म्हणाली. "माझी वर्षं भरली आहेत, निवृत्ती मागायचा हक्क आहे. चौथा पट्टा दुसऱ्या कुणाला द्या, माझ्या वडिलांना मी समजावीन."

मग बूट परत घेतले आणि ॲडमिरलबाईंसमोर उभी राहिली. पांढरा गणवेश, मोकळे खांदे.

"आता मी तुमच्या हाताखालची नाही. प्लम क्रीकची डेल्फीन आहे, एलिझाची नात. हे बूट माझ्या आजीनं तुमच्यासारख्याच कपड्यातल्या एका बाईला शिवले होते. तिनं नियम दाखवला. आजीनं पुन्हा दार उघडलं नाही आणि ती मेली. तिला औषध मिळालं असतं हो! दार उघडं असतं तर मिळालं असतं. मी तेच दार उघडं ठेवत आले आणि तुम्ही ते जूनअखेर बंद करताय. म्हणून हे बूट घ्या. आमच्यात ज्याला दिलं तो आपला होतो. आपल्या माणसाच्या दाराला कुलूप घालून बघा मग, जमतं का."

लेफ्टनंट बाजूला सरकला. त्याचा नियम संपला होता.

ॲडमिरलबाईंनी बूट घेतले. दोन्ही हातांनी घेतले. डोळे भरले होते की झुंबराचा उजेड होता, मला सांगता यायचं नाही. मामा माइकमध्ये म्हणाले, "बाई, बूट हातात धरायला नसतात." तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या, आपले काळे बूट काढले आणि मोकासिन पायात सरकवले. अगदी बरोब्बर बसले. आम्ही बायकांनी असं लिलिली केलं की झुंबरं हलली असतील. मी तर टेबलावर चढायचीच बाकी होते. वेंडलला कोपरानं ढोसून म्हटलं, "बघितलंस माझ्या नणंदेला? बघितलंस?" जणू बहीण त्याची नव्हतीच.

परतताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "कमांडरीणबाई, जहाज तर बुडवलंत."

"पोहता येतं मला," ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ रडली. मी टर उडवली नाही. तिची टोपी मांडीवर घेऊन बसले.

आता तुम्हाला वाटेल, ॲडमिरलबाईंनी फोन फिरवला आणि सगळं गोड झालं. छे! जूनअखेरचा हुकूम होता तसाच राहिला. कौन्सिलनं डेल्फीनलाच नर्स नेमून ठराव केला, दवाखाना टोळीला द्या म्हणून अर्ज गेला, वरून उत्तर नाही. आणि शेवटच्या गुरुवारी ट्रक आला. फ्रिज, टेबल, खुर्च्या, सगळं हलवायला. ट्रकबरोबर एक मुकादम, दोन हमाल, आणि कॅप्टन हेन्शॉ स्वतः.

ते आत आले तर खुर्च्या सगळ्या भरलेल्या. गुरुवार ना! भिंतीला लागून सगळं प्लम क्रीक अनवाणी बसलेलं. ज्यांना साखर नाही तेही बसलेले. तपासायच्या टेबलावर अध्यक्ष रेमंड, विजार गुडघ्यापर्यंत वर करून. फ्रिजला पाठ लावून मेल्विनमामा, पाय घमेल्यात. मध्ये डेल्फीन, जीन्स आणि शाळेच्या संघाचा मळका शर्ट घालून, गुडघ्यावर बसून माझे पाय टिपत होती. मेडल तिनं कुठं ठेवलं होतं म्हणाल, तर कॉफीच्या भांड्याच्या हँडलला बांधलं होतं.

"कमांडर," हेन्शॉ म्हणाले, "हे काय चाललंय?"

"पाय," डेल्फीन म्हणाली. "आणि मी कमांडर नाही. कॉफी घ्या."

मुकादमानं खुर्च्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. "बाई, ह्या खुर्च्या न्यायच्या आहेत. उठता का?"

"उठू की," मी म्हटलं. "पण इथला नियम आहे. बोटांच्या फटी वाळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. आम्ही नियमाची माणसं."

"मग वाळणार कधी?"

डेल्फीननं माझ्या करंगळीच्या जागी, जिथं आता करंगळी नाही तिथं, अलगद फडकं फिरवलं. वर बघितलं नाही. तिच्या खांद्यांना हसू येत होतं ते मला दिसलं.

"अजून ओले आहेत," ती म्हणाली.

हमाल दोघं आमच्याच पलीकडच्या गावचे निघाले. त्यातल्या एकानं कॉफी घेतली, आणि थोड्या वेळानं बूट काढून रांगेत बसला. त्याच्या आईला साखर होती म्हणे. हेन्शॉ बाहेर जाऊन कुणाकुणाला फोन करत राहिले. संध्याकाळी ट्रक रिकामा परत गेला. वरून कुणी थांबवलं, ॲडमिरलबाईंनी की आणखी कुणी, आम्हाला कधी कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. कौन्सिलचे कागद अजून फिरतायत.

त्याला दोन हिवाळे झाले. दर गुरुवारी आम्ही सगळे त्याच खुर्च्यांवर बसतो, आणि दर गुरुवारी कुणीतरी खिडकीतून रस्त्याकडे बघतं. येऊ द्या ट्रक. आमचे पाय अजून वाळायचेत.